विश्वजीतच्या तारखा

“या इंजिनातली तारखेची भानगड ज्याने लिहिली ना, त्याला एकदा भेटायचंय मला!”

पनवेलच्या वडाळे तळ्याकाठच्या टपरीवर चारुता कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहिती चाळत मुलाखतीची वेळ व्हायची वाट पाहत होती. शेजारच्या तरुणाने सहज विचारलं होतं, कुठे निघालात म्हणून.

“का... काय केलं त्याने?”

“सगळे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाण पद्धतीने तारीख लिहितात. याची आपली वेगळीच भाषा!”

“मग भेटलात की,” तो हसला. “मी विश्वजीत.”

तिचे कान लालबुंद झाले.

नोकरी मिळाली आणि कामही नेमकं तेच. डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या त्या क्वेरी इंजिनात प्रमाण पद्धत आणायची, म्हणजे विश्वजीतने जिवापाड जपलेली रचना मोडायची.

“माझी वाचायला सोपी आहे,” तो हटून बसला.

“तुम्हालाच!”

पण उरणच्या एका गोदामात पाच मार्चला आलेला माल इंजिनाने दिवस-महिना उलटे वाचून तीन मेला दाखवला, तेव्हा तो मुकाट्याने आपली खुर्ची तिच्याशेजारी घेऊन आला. मग एकाच कीबोर्डवर दोघांचे हात... ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. खिडकीतून पावसाची झड आली की तो धावायचा — मॉनिटर झाकायला.

“आधी मॉनिटर?” ती डोळे मोठे करायची.

“तो भिजला तर बंद पडेल. तू भिजलीस तर...”

“तर?”

“...काही नाही.”

काम संपलं. उदयसिंह साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“आता सगळं प्रमाण झालं. सांभाळायला एक माणूस पुरे. चारुता राहील.”

“सर, त्याला ठेवा. मी जाते!”

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. विश्वजीत तोवर उठलाही होता.

एस.टी. स्टँडवर तिने त्याला धापा टाकत गाठलं.

“मी येते तुझ्याबरोबर. माझं... माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

“माझंही आहे,” तो खाली बघत म्हणाला. “पण तुझ्याकडे पाहिलं की मला माझ्या पुसलेल्या ओळी दिसतात, चारू. तू चुकली असतीस तर भांडलो असतो, रुसवा काढला असता. तुझं बरोबर होतं... त्याचं काय करू?”

तो महाडच्या गाडीत चढला आणि खिडकीपाशी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी उरणहून फोन आला — सगळ्या तारखा बरोबर येतायत. ऑफिसात टाळ्या वाजल्या. चारुतानेही वाजवल्या.