मनगट

वहिनी औषधं आणायला निघाल्या तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. भुताच्या गोष्टीला काळोखी रात्र लागते म्हणतात. वहिनींना कित्येक वर्षांपासून काहीच दिसत नव्हतं, त्यांच्या गोष्टीला रात्र कशाला हवी? रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या नाक्यावरच्या दुकानातून आणायच्या, एवढंच काम होतं. पण आज सोबतीला कुणी नव्हतं.

वर गॅलरीत त्यांचा मुलगा उभा होता. सकाळी परगावाहून आला आणि आल्या आल्या त्याने आईची बॅग भरून दाराशी ठेवली. एकटीने जाऊन नीट परत आलीस तर खुशाल इथे राहा, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने माझ्याकडे, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्याकडे म्हणजे मागच्या खोलीत, जिथे सूनबाईंनी जुन्या गाद्या आणि बिघडलेला पंखा ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त रोजची धाकधूक नको होती.

या गल्लीत वहिनींना एकटं कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. वहिनींची नजर गेली तसं घड्याळजींनी त्यांचं डावं मनगट धरलं, ते गेल्या वर्षी मरेपर्यंत सोडलं नाही. अंगठ्याची त्यांनी एक भाषाच करून ठेवली होती. एकदा दाबलं की पुढे वर जायची पायरी, दोनदा दाबलं की खाली उतरायची. आणि नुसतं दाबून धरलं, सोडलंच नाही, की गप्प बस. वहिनी कुणाशी दोन शब्द जास्त बोलल्या की अंगठा रुतायचा. काठी मागितली तर म्हणाले, मी मेलोय का? बाहेरचा जिना सोडला तर घराच्या आत एकही पायरी नको, उंबरठासुद्धा नको, म्हणून वणवण करून त्यांनी हे घर शोधलं. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंत हो वहिनी. अंगठ्याची गोष्ट मात्र वहिनींनी कुणालाच सांगितली नाही, पोटच्या मुलालाही नाही. सांगितली असती तर लोक म्हणाले असते, एवढं करतोय बिचारा आणि हिला त्याचा अंगठा टोचतो.

घड्याळजी गेले तेव्हा वहिनी रडल्या. रडता रडताच आपला डावा हात हलका लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

मग अंधांच्या संस्थेची बाई काठी घेऊन चालायला शिकवायला येऊ लागली. बाई खवट होती. वहिनी चुकल्या तरी हात द्यायची नाही, ऐका म्हणायची. काठीचा आवाज भिंतीवरून कसा कोंदट परत येतो आणि बोळाच्या तोंडाशी कसा मोकळा होतो, ते तिने शिकवलं. लॉन्ड्रीची वाफ गालाला लागली की वळायचं, शिंप्याचं मशीन मागे पडलं की फुटपाथची कड जवळ आली समजायचं. वहिनी दोनदा पडल्या, एकदा तर नाल्याच्या कडेला बसून चांगल्या रडल्या. पण बाईने पहिल्याच दिवशी सांगितलेलं वाक्य त्यांनी मनात जपून ठेवलं होतं.

"कुणाची मदत घ्यायचीच असेल तर त्याचं कोपर आपण धरायचं. मनगट कुणाच्या हातात द्यायचं नाही. कोपर धरलं की आपण चालतो. मनगट दिलं की लोक आपल्याला नेतात."

तर वहिनी निघाल्या. जिना उतरल्या, भिंत काठीला लागली, लॉन्ड्रीची वाफ आली. लॉन्ड्रीवाल्याने हाक मारून विचारलं, आज एकट्याच? वहिनी थांबून त्याच्याशी बोलल्या. मुद्दाम बोलल्या. त्याच्या सुनेची चौकशी केली, उकाड्याला नावं ठेवली, आणि मनगटावर काहीच रुतलं नाही तेव्हा त्यांना हसू फुटलं. नाक्यावर रस्ता ओलांडला. दुकानदाराने गोळ्यांची पुडी हातात ठेवली आणि पोचवायला कुणाला पाठवू का म्हणाला. नको म्हणताना वहिनींची मान ताठ झाली होती. इतक्या वर्षांत त्या इतक्या आनंदात कधीच नव्हत्या.

परतताना त्या फुटपाथच्या कडेला थांबल्या. गाड्या जात होत्या. आवाज ओसरायची वाट बघत असताना डाव्या बाजूने वास आला. पेट्रोलचा. गाड्यांचा असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. पण गाड्यांना धुराचा वास असतो. हा वास स्वच्छ होता, घड्याळाचे बारीक भाग धुतल्यावर बोटांना राहतो तसा.

आणि कुणीतरी त्यांचं मनगट धरलं.

वहिनी दचकल्या, पण शिकलेलं विसरल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मनगट सोडा. मला तुमचं कोपर द्या."

पकड सुटली नाही. तेव्हा त्यांनी काठी काखेत मारली आणि उजव्या हाताने त्या माणसाचं कोपर शोधलं. त्याची बोटं लागली. गार, हाडकुळी बोटं. पंजा लागला. त्याच्यावरून हात वर नेला… तिथे काहीच नव्हतं. वहिनींचा हात हवेत फिरला. त्या पंज्याला पुढे हात नव्हता, कोपर नव्हतं, माणूस नव्हता.

मनगटावर अंगठा दाबला गेला. एकदा, आणि पुन्हा एकदा. कड आली, उतर.

त्या उतरल्या. पायच उतरले. रस्ता सरसर मागे पडला, पलीकडे अंगठ्याने एकदा दाबलं आणि त्या चढल्या. शिंप्याचं मशीन आलं आणि गेलं. लॉन्ड्रीवाला कौतुकाने म्हणाला, वा वहिनी, झपाट्याने निघालात की, एकदम पटाईत! वहिनींनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. अंगठा रुतला आणि रुतलेलाच राहिला. वहिनींचं तोंड मिटलं. इतक्या वर्षांची सवय, ती काय वर्षभरात मोडते?

मुलगा दारातच उभा होता. त्याने आईला मिठी मारली. गॅलरीतून सगळं पाहिलं म्हणाला, कुठे अडखळली नाहीस, काठी तर टेकवलीसुद्धा नाहीस. मग त्याने विचारलं, "डावा हात मात्र असा पुढे का धरला होतास गं?"

वहिनींना मागची खोली आठवली. त्या गाद्या, तो पंखा. आता तिथे स्वर्ग होता. "मला तुझ्या…" त्यांनी सुरुवात केली. मला तुझ्याकडे घेऊन चल, एवढंच म्हणायचं होतं.

अंगठा हाडापर्यंत रुतला.

"काय म्हणालीस?"

"तुझ्या… तुझ्या बाबांनी घर चांगलं बघितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "राहीन मी इथेच."

मुलाने सुटकेचा श्वास टाकला. तो वहिनींना स्वच्छ ऐकू आला, आणि तो जरा लवकरच आला असं त्यांना वाटलं. त्याने बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. मनगट एवढं लाल कशाने झालंय म्हणाला, काठीचा पट्टा घासला असेल म्हणून त्याचं त्यानेच उत्तर दिलं. बाबा असते तर त्यांना किती अभिमान वाटला असता, असंही म्हणाला. मग त्याला गाडी गाठायची होती.

"दार लावून घे गं आई," तो जिना उतरता उतरता म्हणाला.

वहिनी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. जागच्या हलल्याही नव्हत्या. दार लागलं आणि आतली कडी सरकली.

"अहो…" त्या हळूच म्हणाल्या. "सोडा ना आता…"

मुलाची पावलं खाली विरून गेली. पेट्रोलचा वास खोलीभर झाला होता. मग मनगटावर अंगठा दाबला गेला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

या घरात पायरी नव्हती. एकही नव्हती.

वहिनींनी सवयीने पाऊल खाली टाकलं.