बादलीतली मूठ

या, घ्या खुर्ची ओढून. आक्का यायला अजून वेळ आहे, तोवर तिचीच गोष्ट सांगतो. ऐकून झाली की एक काम सांगीन, तेवढं करायचं.

आक्का आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यातली कटिंगवाली. कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, कडा ठोकून सारख्या करायच्या, मग दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की पातं खाली. बटणं दोन कशाला, तर हात पात्याखाली राहू नये म्हणून. पण त्यात काम रेंगाळतं. म्हणून आम्ही सगळेच एका बटणात पुठ्ठ्याची घडी खोचायचो, म्हणजे ते दाबलेलंच राही. त्या दिवशी आक्कानंही खोचली होती आणि डाव्या हातानं गठ्ठा थोपटत होती. करंगळी गेली, तिच्या शेजारचं बोटही गेलं.

बोटं आम्ही लई शोधली. खालचा कात्रणाचा ढीग उपसला, चाळला. रक्त होतं, बोटं नव्हती. शेवटी कात्रण पोत्यांत भरून गेलं कागदाच्या गिरणीत. तिथं ते हौदात भिजवतात, त्याचा लगदा करतात, आणि पुन्हा कागद.

जखम भरली, पण दुखणं राहिलं. आणि राहिलं कुठं, तर नसलेल्या बोटांत. कुणी मुठीत धरून पिळतंय असं. गोळ्या झाल्या, शेक झाले, झोप पार उडाली. मालक म्हणाला, असा हात घेऊन पात्यापुढं उभं करणार नाही, घरी बसा. ते आक्काला बोटांपेक्षा जास्त झोंबलं. ज्या मशीननं बोटं खाल्ली त्याच मशीनवर तिला परत उभं राहायचं होतं. दुसरं मागणंच नव्हतं तिचं.

दवाखान्यातून तिला संमोहनाच्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. नवरा सोबत गेला आणि गेल्या गेल्या म्हणाला, "बाई, हिला वश करायला जन्म गेला माझा, तुम्ही बघा जमतंय का."

बाई हसल्या. मग नीट समजावलं. हा जत्रेतला खेळ नाही. झोप लागत नाही, शुद्ध जात नाही, नको असलेलं कुणी करून घेऊ शकत नाही. सिनेमा बघताना शेजारचा काय खातोय ते कळत नाही ना, तसं लक्ष एका जागी गोळा करायचं. अशा वेळी सांगितलेली गोष्ट डोक्याला लवकर पटते. भीती, पोटाचे काही त्रास, जुनी दुखणी, यांत पुष्कळांना उतार पडतो, सगळ्यांना नाही. तुटलेलं जोडता येत नाही, पण दुखणं डोक्यातच उमटतं, तिथं त्याचा आवाज कमी करता येतो.

खोली साधी. दोन खुर्च्या, एक खिडकी, भर दुपारचं ऊन. बाईंनी श्वास मोजायला लावला, मग म्हणाल्या, डाव्या हाताशी बर्फाच्या पाण्याची बादली आहे असं मनात आणा, हात आत सोडा. आक्कानं सोडला. हळूहळू मनगटापर्यंत हात बधिर झाला. बाईंनी चिमटा काढला तो कळला नाही, आणि नसलेल्या बोटांतली कळही बसली. त्या दिवशी आक्का घरी जाऊन पोटभर झोपली.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, पाणी गढूळ झालंय. पांढरट, दाट. भिजल्या कागदाचा वास येतोय.

बाई म्हणाल्या, कारखान्याची आठवण असेल. आता बोटं आवळल्यासारखी वाटतात ना, मग पाण्यातच मूठ सावकाश उघडा.

आक्का म्हणाली, "मूठ माझी नाही मिटलेली. माझी बोटं दुसऱ्याच्या मुठीत आहेत."

बाईंनी आकडे मोजून तिला वर आणलं. आक्काच्या हाताची कातडी तासभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती. नवऱ्याला वाटलं, घाम असेल.

बाईंनी मग विचार करून एक वाट सुचवली. त्या मुठीला म्हणायचं, बोटं तुलाच ठेव, आणि हात काढून घ्यायचा. गेलेल्याचा निरोप घेतला की दुखणं बऱ्याचदा सोडतं. सल्ला चांगलाच होता. आक्कानं सगळा ऐकून घेतला.

"नाही देणार," ती म्हणाली.

"आक्का, ती बोटं आता नाहीत."

"नाहीत तर तो धरून काय बसलाय?"

तिसऱ्या खेपेला आक्कानं डोळे मिटले आणि बाईंनी सांगायच्या आधीच हात खाली सोडला. बाई म्हणाल्या, कधीही डोळे उघडता येतील. आक्कानं मान हलवली. मग तिचा हात ताणला. खांदा खाली गेला. खुर्ची एका बाजूला करकरली.

बाई परत आणायचे आकडे म्हणू लागल्या.

"थांबा. येतंय."

नवरा उठला. बाईंनी त्याला हातानं अडवलं.

आक्कानं दात आवळले. एक हिसका दिला.

खोलीत ओल्या कागदाचा वास आला. सगळ्यांना आला.

खुर्चीखालची फरशी ओली होती.

आक्कानं डोळे उघडले, डावा हात वर धरून उलटसुलट बघितला. दिसायला तीच तीन बोटं. "दुखत नाही," म्हणाली, आणि निघाली.

दुखणं गेलं तसं मालकानं परत घेतलं, आता रोज मशीनवर असते. पुठ्ठ्याची घडी तिनं सगळ्यांच्या बटणांतून उपटून फेकली. गठ्ठा थोपटते तेव्हा वरच्या कागदावर ओला पंजा उमटतो, पाच बोटांचा. वाळला की जातो. मालकानं एकदा पाहिला, परत विचारलं नाही.

पण नवरा एकदा माझ्याशी बोलला. म्हणाला, झोपताना ती हात धरते तेव्हा बोटं जास्त लागतात. पाचच्या पुढं. मी तिला सरळ विचारलं. ती गठ्ठा ठोकत म्हणाली, "माझं होतं ते मी आणलं. त्याला धरून कुणी आलं असेल तर येऊ दे. कामाला लावीन."

ती बघा, आलीच. नवीन माणूस दिसला की डावा हात पुढं करते. आता तुमचं काम. हात घ्या, डोळे मिटा, आणि बोटं शेवटपर्यंत मोजून मला सांगा. मी सातावर सोडला होता.