नाव सांगणारी

"गाडी मी चालवत होतो! ऐकताय ना सगळे? नीरव घरात झोपला होता. गाडी मी चालवत होतो..."

सदानंदांनी नीरवच्या मुठीतून किल्ली अक्षरशः ओढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. आखाती शहरातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतलं ते दोन खोल्यांचं घर, भर दुपारची वेळ. सोफ्याच्या कोपऱ्यात बावीस वर्षांचा नीरव गुडघ्यांत डोकं खुपसून बसला होता. अर्ध्या तासापूर्वी, गल्लीच्या तोंडाशी, जेवण पोहोचवणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याला त्याच्या गाडीचा धक्का लागला होता, आणि तो माणूस रस्त्यावर पडलेला आरशात दिसत असूनही नीरव थांबला नव्हता... थेट घरी आला होता.

"आय पॅनिक्ड, बाबा... आय जस्ट पॅनिक्ड!"

"खलास. आता तू एक अक्षर बोलायचं नाहीस," सदानंद म्हणाले. "तुझं आयुष्य उभं राहायचंय. माझं झालंय जगून."

विभावरींनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याला अडवावं की धाकट्या लेकाला कुशीत घ्यावं, त्या माउलीला काही सुचत नव्हतं. आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारातून मोठी सून पुढे आली.

"बाबा, असं करू नका," मुग्धा म्हणाली. "अपघात कुणाच्याही हातून होतो, कायद्यात त्याला जागा आहे. पळून येणं हा वेगळा गुन्हा, आणि खोटा जबाब देणं आणखी वेगळा. आत्ता एकाची चूक आहे... उद्या या घरातले दोघं गुन्हेगार ठरतील. भावजींना स्वतःहून जाऊ द्या. मी सोबत जाते."

"तू गप्प बस!" विभावरी कडाडल्या. "पोटचा असता तर बोलली असतीस असं?"

तो घाव मुग्धाच्या वर्मी बसला. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि सासूबाईंनी आजवर ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुण्याच्या न्यायालयात नुकती कुठे स्वतःच्या नावाने उभी राहू लागलेली ही मुलगी काळा कोट बासनात बांधून नवऱ्याच्या, तन्मयच्या मागे इथे आली होती. इथल्या न्यायालयात तिला उभं राहता येत नव्हतं. एका कायदा सल्लागाराच्या ऑफिसात ती कागद लावत बसे, आणि तरीही कधी कुरकुरली नव्हती. तन्मय रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात, शनिवार-रविवारपुरता घरी. बाकीचे दिवस हे घर तिनेच सांभाळलेलं.

सदानंद ठाण्यावर निघाले तेव्हा ती मुकाट्याने त्यांच्यासोबत निघाली. त्यांचं ब्लडप्रेशर तिला ठाऊक होतं.

चौकशीच्या खोलीत फहद नावाचा तरुण अधिकारी होता. शेजारी दुआ नावाची दुभाषी, अरबीतलं हिंदीत आणि हिंदीतलं अरबीत करणारी. म्हाताऱ्या माणसाची तब्येत पाहून फहदने मुग्धालाही मागच्या खुर्चीत बसू दिलं.

"चाचाजी," दुआ म्हणाली, "जो आप बोलेंगे वो अरबी में लिखा जाएगा. दस्तखत से पहले मैं पढ़कर सुनाऊँगी. समझ में न आए तो दस्तखत मत करना, ये आपका हक है."

फहदने साधेच प्रश्न विचारले. मोटरसायकल कुठल्या बाजूने आली? ब्रेक लावला का? तो माणूस पडला तेव्हा त्याचं डोकं कुठल्या दिशेला होतं? सदानंद अडखळू लागले. आधी डावीकडे म्हणाले, मग उजवीकडे. कपाळावर घाम फुटला. फहदने लेखणी खाली ठेवली. तो रागावला नाही, आवाजही चढवला नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" त्याने दुआकरवी विचारलं.

सदानंदांनी मान वर केली. "वो आदमी... कैसा है?"

"पैर टूटा है. होश में है. रामेश्वर नाम है," दुआ हलक्या आवाजात म्हणाली. "एक ही बात पूछता है बार-बार... गाडीवाला रुका क्यों नहीं."

सदानंदांचे डोळे भरून आले. जन्मभर ज्याने कुणाचं वाकडं चिंतलं नाही, तो माणूस त्या एका प्रश्नापुढे कोसळला! दोन्ही हातांनी चेहरा झाकून ते मुलासारखे हुंदके देऊ लागले, आणि त्या हुंदक्यांतूनच शब्द बाहेर पडले, "मैं नहीं था... मेरा बेटा था. नीरव..."

सही व्हायची होती, म्हणून खोटा जबाब पक्का झाला नाही. फहदने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि नीरवला आणायला माणसं पाठवली.

बाहेर व्हरांड्यात सदानंद भिंतीला टेकून उभे राहिले. 

"मुग्धा... बापाने पोराचं नाव सांगितलं गं! विभाला कोणत्या तोंडाने सांगू? जन्मभर हे एकच आठवेल तिला... माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही ती."

मुग्धाने त्यांच्याकडे पाहिलं. एका दुपारी ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. या वयात, त्याच घरात, त्यांना विभावरींच्या नजरेसमोर उरलेलं आयुष्य काढायचं होतं...

"आईंना सांगा, नाव मी सांगितलं."

"काय बोलतेस हे!"

"मी घरात तेच तर म्हणत होते, बाबा. त्यांना लगेच पटेल."

"खोटा आळ घेऊ नये म्हणून तूच मला विनवत होतीस ना पोरी?"

"ते सरकारपुढे," मुग्धा कसंबसं हसली. "आपल्या घरात शपथ कोण घालतंय?"

आणि त्या भल्या पण भेदरलेल्या माणसाने मान खाली घातली. तिने हे सुचवलंच नसतं तर बरं, असंही त्याला वाटलं असेल... पण तो नाही म्हणाला नाही!

नीरव दोन दिवस कोठडीत होता. जामिनासाठी कुणाचातरी पासपोर्ट ठेवायचा होता. तन्मयला कामासाठी सारखं मस्कतला जावं लागे. कुणी विचारायच्या आत मुग्धाने पर्समधून स्वतःचा काढला आणि टेबलावर ठेवला. नीरव सुटून घरी आला. विभावरींनी त्याला उराशी घट्ट धरलं आणि त्याच्या खांद्यावरून सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत शाप होता.

"सापाला दूध पाजलं मी," त्या एवढंच म्हणाल्या.

तन्मयने फोनवर विचारलं, "तू सांगितलंस त्याचं नाव?" मुग्धा गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचा त्याने लावायचा तोच अर्थ लावला. त्या शनिवारी तो आला, जेवला, आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपला.

दिवस जात राहिले. सासूबाई तिने केलेल्या आमटीला हात लावत नसत. फक्त नीरव तिच्याजवळ येऊन बसे. एकदा तोच म्हणाला, "वहिनी, आय वॉन्ट टू सी हिम. विल यू कम?" रामेश्वरला ठेवलं होतं त्या दवाखान्यात ती त्याला घेऊन गेली. पायाला सळ्या लावलेल्या त्या माणसाने नीरवकडे पाहिलं.

"गिरा दिया तो गिरा दिया, भाई," तो म्हणाला. "रुके क्यों नहीं? मैं रास्ते में पडा था, मुझे लगा दूसरी गाडी ऊपर से निकल जाएगी."

नीरव त्याच्या पलंगाशी खाली बसला आणि ढसाढसा रडला. दोन आठवड्यांनी रामेश्वरने लिहून दिलं, माझी या मुलाविरुद्ध तक्रार उरलेली नाही.

"मग संपलं ना?" विभावरींनी भिंतीकडे बघत विचारलं. किती दिवसांनी त्यांचा शब्द सुनेच्या दिशेने आला होता!

"नाही, आई. त्याचा हक्क त्याने सोडला. सरकारचा उरतो."

"ज्याला लागलं तो माफ करतोय, तर सरकार कोण?"

"तो रस्ता एकट्या रामेश्वरचा नव्हता... तुम्ही-आम्हीही त्याच रस्त्याने चालतो. पण त्याच्या माफीने न्यायाधीशांचं मन मवाळ होईल."

विभावरी उठून आत गेल्या.

आणि मग पुण्याहून फोन आला. मुग्धाच्या वडिलांना, प्रल्हादअप्पांना, हृदयविकाराचा झटका आला होता. परवा सकाळी शस्त्रक्रिया. मुग्धाची आई कधीच गेलेली. अप्पांना ही एकच लेक.

बेडरूमचं दार लोटून ती बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर वडिलांचा चेहरा बघत होती. "येतेस ना गं?" अप्पांनी क्षीण आवाजात विचारलं.

"अप्पा... ऑफिसातून सुट्टी नाही मिळत. तुम्ही बरे झालात की येते. नक्की..."

बाहेर चहा घेत बसलेल्या सदानंदांच्या हातातला कप खाली पडला.

"ऐकलंस विभा? ऐकलंस काय म्हणाली?" त्यांचा आवाज फाटला. "सुट्टीला काय झालंय! तिचा पासपोर्ट आपल्या पोरासाठी अडकलाय, आणि मरणाच्या दारातल्या बापाला ती खोटं सांगतेय!"

"ठेवला तिने. चूक तिचीच होती," विभावरी पुटपुटल्या.

"नाही!" सदानंद उभे राहिले. "नाव मी सांगितलं, विभा! मी... त्याच्या बापाने! तुझ्या भीतीने मी तिच्या पाठीआड लपलो. इतके दिवस तू तिला जाळत होतीस आणि मी बघत होतो. आता मला काय बोलायचं ते बोल... पण त्या पोरीला सोड!"

 सुनेला म्हटलेला एकेक शब्द विभावरींच्या कानांत परत येत होता. पोटचा असता तर... अरे देवा! पोटच्यासाठी आपण खोटं बोलायला निघालो, आणि या परक्याच्या लेकीने आपल्या पोटच्यासाठी स्वतःचा बापसुद्धा...

त्या उठल्या. कपाट उघडलं. स्वतःचा पासपोर्ट काढला, चपला घातल्या आणि दार लोटून मुग्धाच्या खोलीत शिरल्या.

"ऊठ. ठाण्यावर जायचंय. माझा ठेवू, तुझा सोडवू. होतं ना तसं?"

"होतं... पण आई, तुम्हाला मग निकाल लागेपर्यंत—"

"मला कुठे जायचंय? जायचंय तुला." बोलता बोलता त्यांचा बांध फुटला. सुनेचा चेहरा ओंजळीत धरून त्या म्हणाल्या, "एकदा तरी सांगायचं होतंस गं मला! एकदा तरी भांडायचं होतंस!"

मुग्धाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. नीरव खाली टॅक्सी थांबवून हाका मारत होता.

त्याच संध्याकाळच्या विमानाने ती निघाली. विमानतळावर तन्मय रास अल खैमाहून धावत आला होता. त्याला बोलायचं खूप होतं, पण त्याने तिची बॅग उचलली आणि एवढंच म्हणाला, "तू गप्प का, हे मी विचारायला हवं होतं."

"हो," मुग्धा म्हणाली. "विचारायला हवं होतंस." आणि तिने त्याचा हात धरला.

अप्पांची शस्त्रक्रिया निभावली. पंधरा दिवसांनी, ते पहिल्यांदा घराच्या गच्चीत खुर्ची टाकून बसले असताना नीरवचा फोन आला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं होतं, आणि त्याने स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला होता. दंड झाला, वर्षभर लायसन्स गेलं; कैदेची शिक्षा झाली, पण रामेश्वरची माफी आणि खरा जबाब पाहून ती स्थगित ठेवली. पुन्हा असं वागला नाही तर भोगावी लागणार नाही.

"आय सेड इट मायसेल्फ, वहिनी," तो म्हणाला. "कुणी सांगायला लागलं नाही."

मग फोन विभावरींनी घेतला. "मुग्धा, तू मागे हो. व्याह्यांना दे."

अप्पांनी फोन कानाला लावला. पलीकडून विभावरी बराच वेळ बोलत होत्या. अप्पा नुसते "अहो... अहो, असं काय..." म्हणत राहिले. शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला आणि लेकीकडे गोंधळून पाहिलं.

"तुझ्या सासूबाई रडत होत्या गं. म्हणाल्या, तुमची लेक मला द्या, या वेळी लेक म्हणून मागून घेते. काय केलंस तू तिकडे?"

"काही नाही, अप्पा," मुग्धा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मनसोक्त रडली.