बारा सेकंद

"पाण्याक गेली सून गे, उशीर कित्याक जालो?"

आईचा हा आवाज मला पाठीमागून आठवतो. मी तिच्या पुढ्यात बसलेली, ती माझी वेणी घालतेय आणि तोंडानं धालोचं गाणं चाललंय. पौषात आमच्या इब्रामपुरात बायका सारवलेल्या मांडावर, म्हणजे वाड्याच्या अंगणात, दोन ओळी करून समोरासमोर उभ्या राहतात. एक ओळ प्रश्न गाते, दुसरी उत्तर देते. हा प्रश्न आईची जाऊ विमलाकाकी हिच्या ओळीचा, उत्तर आईच्या ओळीचं. आणि आई दर पौषात उत्तर बदलायची. सून कधी अबोली वेचत राहायची, कधी तिच्या घागरीत चांदणं पडायचं आणि ते सांडेल म्हणून ती हळू चालायची. घरी मात्र आई नुसता प्रश्न म्हणायची, वेणीला एक हिसका द्यायची आणि विचारायची, "सांग बघूया, कित्याक?"

मला कधीच सांगता आलं नाही.

मी सहा वर्षांची असताना ती गेली. २००८ सालचा पौष, पाच दिवसांचा मांड. पहिले दोन दिवस ती गायली, तिसऱ्या दिवशी तिला म्हापशाच्या इस्पितळात नेलं आणि मला आजोळी. शेवटच्या दिवशी मांड पुरा झाला आणि मग संध्याकाळी सात वाजता ती गेली. ही वेळ आमच्या वाड्यावर सगळ्यांना पाठ आहे. पुण्यवान बाई, मांडाला सुतक लागू दिलं नाही, असं म्हणतात. तेव्हापासून तिच्या जागी कुणी उभं राहिलेलं नाही.

या वर्षी बायकांनी ठरवलं, उषाच्या जागी तिची चेडू सिद्धी उभी राहणार. ती मी. पौष लागायला आठ दिवस होते आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पेडण्याच्या बाजारात माझं दुकान आहे, एक मेज आणि एक जनेल, म्हणजे खिडकी, मावेल एवढं. लोक जुन्या सीड्या दुरुस्तीला आणतात. लग्नं, बारशी, कुणाच्या तरी बापाचं भजन. ओरखडलेल्या, बुरशी धरलेल्या, एक तर उंदरानं कुरतडलेली. पुसायची एकच रीत: मधल्या भोकाकडून काठाकडे, सरळ. गोल गोल पुसलं की संपलं, कारण आतलं लिखाण गोल फिरत गेलेलं असतं आणि त्याच्या वाटेनं गेलेला ओरखडा यंत्राला ओलांडता येत नाही. खालच्या बाजूचा ओरखडा मलम लावून घासला की बुजतो. वरच्या, नाव लिहिलेल्या बाजूचा बुजत नाही. लिखाणाचा चंदेरी थर त्याच बाजूला, रंगाच्या लगेच खाली असतो. तो खरवडला गेला की तिथं वाचायला काही उरत नाही.

काकीनं मला मांडावर नेसायला आईचं लुगडं काढ म्हटलं. तिच्या पेटीच्या तळाशी, पिशवीत गुंडाळलेली सीडी मिळाली. वर निळ्या शाईत: धालो, इब्रामपूर, २००८.

दोन दिवस आई गायली होती. म्हणजे ती यात असणार!

"काकी, ही होती तुझ्याकडे? अठरा वर्षं?"

काकी तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "मेली ती सीडी. लागणा नाय. टाकून दी."

"मेलेल्यांनाच लावते मी, काकी. धंदाच आहे माझा."

ती हसली नाही. "सिद्धी, उत्तर तू तुझा जोड. आवयचा कित्याक व्हया तुका?"

मी लुगडं तिथंच टाकून सीडी घेऊन पळाले.

दुकानात ती उजेडावर धरली. नावाच्या बाजूला तीन आडवे चरे, एकाशेजारी एक, कुणीतरी विळीच्या टोकानं दाबून ओढल्यासारखे. तिन्हींतून जनेलापलीकडचं आभाळ दिसत होतं. पडून झालेले ओरखडे असे नसतात. पण बाकीची तबकडी जिवंत होती. खालची बाजू धुतली, पुसली, घासली, परत पुसली. पाव विकणारा सकाळी भोंग्याची पोंय वाजवत गेला तेव्हा सुरुवात केली होती, मान वर केली तर बाजार उठला होता. पोटात दाणा नव्हता आणि मला भूक आठवतही नव्हती.

यंत्रानं ती दोनदा फिरवून थुंकली. तिसऱ्यांदा धरली.

मांड दिसला! दुपारचं ऊन, सारवलेली जमीन, बायकांच्या दोन ओळी. काकी, माझ्या आजच्या वयाहून थोडी मोठी, केसांत ताज्या अबोलीची वळेसर. कोपऱ्यात वेळ: चार वाजून दहा मिनिटं. आणि तारीख. मी ती तीनदा वाचली. शेवटच्या दिवसाची होती.

म्हणजे आई नव्हती. समोरच्या ओळीत तिची जागा रिकामी होती, एका बाईची रुंदी सोडून.

मला रडू आलं ते रागाचं. तरी बघत राहिले. काकीनं गाणं उचललं: "पाण्याक गेली सून गे, उशीर कित्याक जालो?" आणि चित्र अडलं. यंत्र खरखरलं, मागं आलं. परत तोच प्रश्न. परत. परत. मी बंद करायला हात नेला, तेवढ्यात खरखरीच्या आत कुणीतरी श्वास घेतला. गाण्याआधी घेतात तसा.

दुसऱ्या दिवशी मी परत घासली. श्वासापुढं सूर आला. तिसऱ्या दिवशी शब्द आले.

"घागर भरून आयलंय गे, दारात उबी आसंय."

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. पाठीमागून यायचा तोच आवाज, किंचित घोगरा, शेवटचं अक्षर हसत सोडणारा. माझ्या आईचा! मी एकटीच दुकानात टाळ्या पिटल्या. शेजारची प्राजक्ता शिवणयंत्र थांबवून डोकावली, "लॉटरी लागली गे तुका?"

"त्याहून मोठी!"

आनंदाच्या भरात मी डिचोलीला शंभूबाबांना फोन लावला. तेव्हा त्यांचा व्हिडिओचा धंदा होता, हे शूटिंग त्यांचंच. मला विचारायचं होतं, आईचा आवाज कुठल्या दिवसाचा, मागून जोडला का.

"मी एकूच दिस आयिल्लंय बाय, निमाण्या, शेवटच्या दिसा," ते म्हणाले. "जोडलला काय नाय. तुझी आवय तेन्ना म्हापशाक. काकीन गाणा घातला, पण पलीकडसून उत्तर कोण देतलो? सगळी गप. माका कळना काय शूट करू ता. म्हणान खाली पावलां धरलंय, बारा सेकंद. मागीर दुसरा गाणा सुरू जाला."

"गप म्हणजे? काहीच आवाज नाही?"

"पाखरू वराडला नाय."

मी फोन ठेवला. तबकडी परत उजेडावर धरली, मधल्या भोकापासून मोजलं, मिनिटांचा हिशेब मांडला. ते बारा सेकंद जिथं असायला हवे, नेमके तिथंच ते तीन चरे होते. आभाळ दिसत होतं तिथं. थर नाही, लिखाण नाही. माझ्या संगणकानंही तेच लिहून दिलं: एवढा भाग वाचता आला नाही. आणि तो हे लिहीत असताना आई गात होती.

मी प्रत काढून बघितली. प्रतीत बारा सेकंद काळं होतं. तबकडी फिरली तरच ती गायची.

चौथ्या दिवशी चित्र आलं. शंभूबाबांनी सांगितलं तसंच, नुसती पावलं. जोडव्यांची, भेगांची, अळत्याची. तीन पावलं पुढं, तीन मागं. मधे रिकामी जागा. सारवलेली जमीन उन्हानं कोरडी, पांढुरकी पडलेली. त्या जागेत एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. बाकीच्यांच्या तालात, तीन पुढं, तीन मागं. वरून पाण्याचे थेंब पडत होते, भरलेली घागर कमरेवर घेऊन नाचावं तसे.

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, हे काकीला दाखवायचं. उद्याच. दोघी मिळून बघू. कडव्याचा दुसरा चरण अजून खरखरीत होता, तोही तिथं सुटेल. उत्तर मिळणार होतं मला.

पाचव्या दिवशी दुपारी बारा वाजता मी इब्रामपूरच्या घरी ओसरीवर लॅपटॉप मांडला. काकी अंगणात अबोली खुडत होती. गाणं सुरू झालं तशी ती परडीसकट आली आणि माझ्यामागं उभी राहिली.

पडद्यावरच्या काकीनं विचारलं.

"घागर भरून आयलंय गे, दारात उबी आसंय."

मागं परडी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

खरखर झाली नाही. दुसरा चरण स्वच्छ आला.

"जावबाये, कधी सांगशीत गे, मी गेलंय म्हणान?"

पावलं थांबली. ओली पावलंही थांबली, काकीच्या ओळीकडे तोंड करून.

मी वळले. काकी पडद्याकडे बघत नव्हती. अंगणाच्या दाराकडे बघत होती.

"सीडी तू खरवडलीस," मी म्हटलं.

"हय."

"हे बघून?"

"कधीच बघूक नाय मी ती." तिचा आवाज अगदी साधा होता. "बघूक कित्याक व्हया? मांडार मी तिच्या समोर उबी होतंय. बाकी कोणाक आयकूक आयला नाय. माका आयला."

"काकी, आई सातला गेली ना?"

तिनं परडीतलं एक फूल उचललं, परत ठेवलं.

"सातांक न्हय गे. सकाळी अकराक. तुज्या बापाशीचो इस्पितळातसून फोन मीच घेतलंय. सुतक पडला आसता, मांड अर्धो मोडलो आसतो. त्याका म्हटलंय, तिका काळोख पडल्यार घरा घेवन ये, आणि कोणाक सांगू नको." तिनं परडी उचलली. "मागीर फोन ठेवलंय, अबोली माळलंय आणि मांडार गेलंय."