छपरावरची मॅनहोलं

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा माझ्याच कॉम्प्युटर लॅबमध्ये, माझ्या विद्यार्थ्यांचा नकाशा उघडून बसला होता. मला पाहताच त्याने घाईघाईने स्क्रीन बंद केली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सिव्हिलच्या डिप्लोमाच्या मुलांना मी जीआयएस शिकवते, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायला. तो सर्व्हेचा सर. मुलं त्याचं यंत्र घेऊन रस्त्यावर जायची, मॅनहोलच्या जागा मोजून माझ्याकडे आणायची, आणि माझ्या स्क्रीनवर प्रत्येक मॅनहोल रस्ता सोडून शेजारच्या घराच्या छपरावर! मुलं खो खो हसायची. मला हसू येत नव्हतं. शुक्रवारी विभागप्रमुखांना ड्रेनेजचा नकाशा दाखवायचा होता. तो चुकला की पुढच्या वर्षी विषय बंद, आणि माझी नोकरीही गेली.

हा माणूस मुद्दाम करतोय, अशी माझी खात्रीच झाली. त्याचा सगळा जीव जुन्या कागदी नकाशांत. शिवाय रोज काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये यायचा... कधी मोजायची टेप विसरली, कधी छत्री. बाहेर लख्ख ऊन, आणि म्हणे छत्री! वर डोळे असे मऊ, की रागवायला गेलं तर शब्द अडखळावेत. त्या डोळ्यांचाही मला संशयच यायचा.

शेवटी गुरुवारी मी त्याला फाटकाबाहेरच्या मॅनहोलपाशी नेलं. म्हटलं, "मोजा. माझ्यासमोर."

त्याने झाकणावर यंत्र धरलं. मी शेजारी टॅबलेट धरला. जागा एकच, आकडे मात्र वेगळे. त्याच्या हातातल्या यंत्राचं सेटिंग मी उघडलं. कागदी नकाशांशी जुळावं म्हणून त्याने ते जुन्या मोजणी-पद्धतीवर लावलेलं, माझा नकाशा नव्या पद्धतीवर. म्हणून सगळी मॅनहोलं एकाच दिशेला, एकसारखी सरकत होती. आम्ही एकमेकांना साधं विचारलं नव्हतं, एवढंच.

"मला वाटायचं, तुम्हीच माझे बिंदू सरकवता," तो म्हणाला. "म्हणून लक्ष ठेवायला येत होतो."

"रोज?"

"संशय दोन दिवसांत फिटला." तो यंत्राच्या पट्ट्याशी चाळा करू लागला. "पुढे... तुम्हाला बघायला येत होतो."

मी टॅबलेट बंद करून लॅबकडे निघाले. तो मागोमाग आला. मी कॉम्प्युटरवर मुलांच्या बिंदूंचं सेटिंग बदललं, आणि सगळी मॅनहोलं छपरांवरून उतरून निमूट रस्त्यावर जाऊन बसली. नोकरी वाचली. पण आता त्याला इथे यायला कारण उरलं नाही, या विचाराने मी उगाच नकाशा लहान-मोठा करत राहिले. तो मला आवडत होता, आणि बहुतेक त्या छत्रीच्या थापेपासूनच.

तो दाराकडे वळला.

"थांबा," मी म्हटलं. "माझा संशय अजून गेलेला नाही."

"आता कसला?"

"उद्याचं आटोपलं की तुम्ही यायचं थांबवाल... असा."

तो परत आला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"मग रोज तपासून बघा," तो म्हणाला.