दोन कार्डं आणि एक टॉवेल

"अहो काका, परत एकदा लावा की!" शिवू काउंटरवर जवळजवळ चढलाच होता.

"किती वेळा लावू? आता काय आरती ओवाळू त्या कार्डाची?" दुकानदार काका खेकसले. तरी त्यांनी माऊस दाबलाच.

टेबलावर पेटी उघडलेला कॉम्प्युटर ठेवला होता. त्याच्या पडद्यावर निळा टॉवेल वाऱ्यावर फडफडू लागला. काठावर मोर असलेला हा टॉवेल दानेश्वरीच्या मोठ्या भावानं, गुरुअण्णानं, कॉम्प्युटरवर काढला होता. कोपऱ्यात एक आकडा दिसत होता. तो जितका मोठा, तितका टॉवेल सफाईनं हलणार. चित्रं हलवणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर आकडा चाळीसच्या आसपास रेंगाळला होता. नवं बसवल्यावर तो थेट शंभराच्या वर!

"बघितलंत? कार्ड ठणठणीत आहे. तुमच्या भावालाच वापरता येत नाही. पळा आता!"

दानेश्वरीचा चेहरा पडला. कार्ड खोटं निघावं, काकांनी निमूट बदलून द्यावं, म्हणून तर तिघं नव्या पेठेतल्या बाजारापर्यंत उन्हात तंगडतोड करत आली होती. एरवी मे महिन्याच्या सुट्टीत या वेळी त्यांचा पत्त्यांचा डाव रंगलेला असायचा. पण यंदा पत्ते कुणाला सुचणार?

परदेशात टॉवेल पाठवणारे एक शेठ अण्णाला म्हणाले होते, "तुझ्या सगळ्या डिझाइनांची हलती फिल्म शनिवारपर्यंत दाखव. आवडली तर आमचं काम घरी बसून कर." आणि नाही जमलं तर? तर रविवारी मामा अण्णाला पुण्याला नेणार होता, गोदामात खोकी उचलायला. मामानं तिकडे शब्दसुद्धा देऊन ठेवला होता!

"अण्णा गेला तर मी जेवणारच नाही," दानेश्वरी रस्त्यात म्हणाली.

"जेवशील गं," दुधनीहून सुट्टीला आलेली तिची मावसबहीण राजनंदिनी म्हणाली. "आधी सांग, घरी अण्णानं दोन्ही कार्डांची परीक्षा सारखीच घेतली ना?"

"सारखीच! तेच मशीन, तोच टॉवेल. जुनं तीसवर चालतं आणि नवं थोडा वेळ पळतं, मग धापा टाकत पंधरावर येतं."

"भूतच हाय!" शेजारचा शिवू म्हणाला. "दुकानात शहाणं, घरात येडं. अगदी आमच्या बाबांसारखं!"

राजनंदिनी खो खो हसली. दानेश्वरीला मात्र हसू येईना.

घरी मागच्या खोलीत दानेश्वरीच्या वडिलांचे, अप्पांचे, माग धडधडत होते. सुताचा बारीक कापूस सगळीकडे उडायचा, म्हणून तिची आई, अव्वा, दिसेल ती वस्तू झाकायची. टीव्हीवर टॉवेल, मिक्सरवर टॉवेल, पाण्याच्या माठावरसुद्धा टॉवेल! अण्णानं कॉम्प्युटरवरची चादर काढली, पेटी उघडली, नवं कार्ड बसवलं आणि तो पडद्यासमोर बसला. पाठोपाठ अव्वानं पेटी नीट झाकून टाकली. टॉवेल फडफडला, आकडा शंभरावर गेला. दानेश्वरीनं श्वास रोखला.

आणि मग घसरगुंडी! सत्तर, चाळीस, पंधरा.

"वायर बदलून बघू," शिवू म्हणाला. बदलली. काही नाही. शिवूच्या घरून तार ओढून वीज आणली. काही नाही! अप्पा दारातून ओरडले, "पुरे झाला तो खेळ! त्या डबड्यापायी पोरगं वाळून चाललंय. मामासंगं जाऊ दे त्याला गपचूप."

जुनं कार्ड बसवून पुन्हा काम करावं, तर तेवढे दिवस कुठे उरले होते? शनिवारी अर्धीच फिल्म घेऊन अण्णा शेठकडे गेला आणि लगेच परत आला. शेठनी दुसऱ्या कुणाला तरी काम देऊनही टाकलं होतं.

रविवारी सकाळी अण्णानं दानेश्वरीची वेणी ओढली. "अभ्यास कर गं, दाने," म्हणाला आणि मामाच्या मागे रिक्षात बसला. रिक्षा वळली तरी ती दारातच उभी होती. तिला वाटलं, आपण कार्डाचं कोडं सोडवायच्या नुसत्या गप्पा मारल्या. आपल्याला काही म्हणजे काहीच जमलं नाही!

दुपारी राजनंदिनी आणि शिवू आले, तेव्हा ती अण्णाच्या खुर्चीत बसून तोच टॉवेल बघत होती. आकडा पंधरावर रखडत होता.

"बंद कर की ते," शिवू हळूच म्हणाला.

"राहू दे. अण्णाचा आहे."

तेवढ्यात अव्वा आली. डोळे सुजलेले. तिनं पेटीवरची चादर ओढून घेतली. "आता कोण बसणार हाय इथं? ट्रंकेत ठेवते." तिथंच उभी राहून ती चादरीची घडी घालू लागली.

"दाने! आकडा बघ!" राजनंदिनी किंचाळली.

वीस. पन्नास. नव्वद. शंभर! टॉवेलावरचा मोर खराखुरा नाचू लागला.

"मावशी, चादर परत टाका!"

"आँ? आता काय खूळ हे?"

"टाका की!"

अव्वानं टाकली. बघता बघता आकडा पंधरावर आला. काढली, पुन्हा चढला. शिवूनं पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "बाप रे! तवाच की!"

"मावशी, जुनं कार्ड होतं तेव्हा काय झाकत होता?" राजनंदिनीनं विचारलं.

"जुन्याला काय, आपला पातळ टॉवेल," अव्वा म्हणाली. "हे नवं, महागाचं. पोरानं हौसेनं आणलेलं. म्हणून ट्रंकेतली जाड चादर काढली. कापूस जाऊ नये म्हणून..." बोलता बोलता ती चादर मांडीवर घेऊन खालीच बसली.

परीक्षा सारखी झालीच नव्हती! दुकानात दोन्ही कार्डं उघडी होती. घरात मात्र जुन्यावर टॉवेल आणि नव्यावर खास सोलापुरी चादर! नवं कार्ड मुळातच जास्त तापणारं, ते बिचारं आत घुसमटत होतं. आणि जन्मापासून सगळं झाकलेलंच बघितलेल्या त्या घरात ती चादर खटकणार कुणाला? अण्णालाही ती दिसून दिसली नव्हती.

अप्पा माग थांबवून आले. सगळं ऐकून त्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास रे पोरांनो! आमी मोठी माणसं नुसती ओरडत बसलो." शिवूनं जाऊन सांगितल्यावर संध्याकाळी दुकानदार काकाही येऊन गेले. "तुमच्या भावाला उगाच बोललो," म्हणाले. दानेश्वरीनं ही शाबासकी ऐकली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. शाबासकीनं रिक्षा थोडीच परत येणार होती?

तिनं अण्णाला फोन लावला. पलीकडे पुण्याच्या रस्त्यावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"आता काय उपयोग, दाने?" तो म्हणाला. मग म्हणाला, "अव्वाला काही बोलू नका हं. आणि फिल्म पुरी करायची असेल, तर नुसतं एक बटण दाबायचंय. सांगतो."

अंधार पडायच्या आत फिल्म पुरी झाली. दानेश्वरीनं ती अण्णाला पाठवली. शेठना पाठवून उपयोग नव्हता.

अव्वा अजून तशीच बसली होती, मांडीवर चादर घेऊन. तिनं तिची घडी पुन्हा पुन्हा नीट केली आणि शेवटी ती दानेश्वरीच्या हातात दिली.

"ही त्याला पाठव," ती म्हणाली. "पावसाळ्यात लई गार पडतं तिकडं. पांघरंल."