शुक्रवारची टकटक

मासुलकसा घाटाच्या चढावर गाडीनं टकटक सुरू केली, तेव्हा अल्कानं नेहमीचा उपाय केला. रेडिओचा आवाज वाढवला.

मागच्या सीटवर दोन शिलाई मशीन, डिकीत कापडाचे गठ्ठे, आणि खिडकीतून आत येणारा मोहफुलांचा गोडसर वास. दर शुक्रवारी देवरीकडच्या बायकांना शिवण शिकवायला ती अशीच निघायची. बाबा गेल्यापासून त्यांची ही अठ्ठावीस वर्षांची पांढरी कारच तिची सोबतीण होती. आणि सोबतिणीनं थोडी कुरकुर केली तर काय एवढं!

चढ संपता संपता एक मोटरसायकल बाजूला आली. वरचा माणूस हात हलवत होता, थांबा, थांबा.

"मॅडम, गाडी केव्हाची बोंबलून राहिली, अन् तुम्ही गाणे ऐकून राहिल्या?"

"तुमाले काय करायचं?" रस्त्यात अडवणाऱ्यांशी अल्का गोड बोलत नसे.

"मिस्त्री आहो जी. गजेंद्र. देवरीच्या बसस्टँडमागं गॅरेज आहे माहं. असा आवाज कानावर पडला का मले जेवण जात नाही."

"म्हणजे आता इंजिन खोलावं लागेल, असंच ना?" गेल्या महिन्यात एकानं तिला तेच सांगितलं होतं. बाई गाडी चालवताना दिसली की सगळ्यांना इंजिन खोलावंसंच वाटतं, हा तिचा अनुभव.

"कायले? न ऐकताच खोलू?"

हे उत्तर तिला आवडलं. आवडलं हे मात्र तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

गॅरेजात त्यानं बॉनेट उघडलं, आणि हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. डॉक्टर विचारतो तसे, पण डॉक्टरपेक्षा सावकाश. "उभ्या गाडीत आवाज येते?"

"नाही."

"सपाट रस्त्यावर?"

"नाही. चढावरच. लोड असला, अन् एक्सिलेटर दाबला की."

"मंग हा टॅपेटचा आवाज नव्हे. ठिणगीचं टायमिंग पुढं सरकलं असन." त्यानं प्लगच्या वायरला लाइट जोडला, फिरत्या पुलीवरच्या खुणेवर उजेड टाकला आणि मान हलवली. "पहा. ठिणगी लवकर पडून राहिली. पिस्टन वर पोचला नाही, अन् पेट्रोल आधीच पेटते. झोपाळा पुरता मागं आला नाही अन् तुम्ही धक्का दिला, तर काय होते?"

"हात दुखतो."

"हां. तसं हिचं दुखते."

दुखते… गाडीचं दुखतं, असं आजवर तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा सोडून.

त्यानं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला, डिस्ट्रिब्युटर केसभर मागं फिरवला, पुन्हा आवळला. मग खूण करायला काही आहे का म्हणून विचारलं. अल्कानं डॅशबोर्डवरचा शिवणाचा खडू दिला. त्या चपट्या खडूनं त्यानं एक रेघ ओढली. अर्धी डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी इंजिनावर. चांगलीच वाकडी. "ही रेघ तुटली का समजायचं, टायमिंग हललं."

मग चढावर तपासायला गेले. ती चालवत होती, तो बाजूला बसून डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या गिअरला गाडी मुकाट्यानं वर चढली. आवाज नाही, काही नाही. अल्कानं हळूच त्याच्याकडे पाहिलं. पापण्यांवरसुद्धा काजळीची बारीक धूळ…

"समोर पहा जी," तो डोळे मिटूनच म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी गाडी ठणठणीत होती. इतका वाईट शुक्रवार अल्काला आठवत नव्हता. गॅरेजसमोरून ती दोनदा गेली. थांबायला कारण नव्हतं. संध्याकाळी परतताना तिनं हार्डवेअरच्या दुकानातून बारा नंबरचा पाना घेतला.

त्यापुढच्या गुरुवारी, आई शेजारी गेलेली पाहून, तिनं अंगणात बॉनेट उघडलं. बोल्ट ढिला, थोडंसं फिरवलं, आवळला. तुटलेली रेघ ओढणीच्या टोकानं पुसली आणि खडूनं नवी ओढली. कसलेल्या चोरालाही इतक्या सफाईनं जमलं नसतं!

"पुन्हा ठोकते," दुसऱ्या दिवशी ती गजेंद्रला म्हणाली.

तो रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला. "अजबच आहे," म्हणाला, आणि चहा सांगितला. चहा संपायला तासभर लागला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दीड.

तिसऱ्या वेळी मात्र हात जरा जास्तच फिरला. आणि नेमकं त्याच गुरुवारी आईला, कुसुमबाईंना, बहिणीकडे जायचं होतं. घाटभर गाडीनं अशी ठोकाठोक केली, की कुसुमबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"मरून राहिली ही. तुया बाबाची गाडी माह्या डोळ्यांसमोर नको मरू दे. गोंदियाचा केवलराम जुन्या गाड्या घेते. शनिवारी येईल, देऊन टाकू."

शुक्रवारी अल्कानं ते गजेंद्रला सांगितलं, तेव्हा बोल्ट आवळता आवळता त्याचा हात थांबला.

"एक विचारू?" तो बॉनेटमध्येच पाहत म्हणाला. "कपडे शिवणाऱ्याची रेघ लय सरळ असते का जी?"

अल्काचे कान तापले.

"माही वाकडी होती. तीन शुक्रवार झाले, इथं फूटपट्टी लावल्यासारखी रेघ पाहून राहिलो."

"मग… बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो, तर तुम्ही आल्या असत्या?"

गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं, तरी अल्काला वाटलं, सगळी देवरी ऐकते आहे.

"पण आज लयच फिरवलं तुम्ही," तो आता तिच्याकडे पाहत, हलक्या आवाजात म्हणाला. "अशीच अजून चालवली असती, तर पिस्टनले भोक पडलं असतं. यायचं असन तर चांगल्या गाडीनं या ना. मी कोठं पळून जाऊन राहिलो?"

"निघते," म्हणून ती गाडीत बसली. घरापर्यंत गाडी इतकी गुळगुळीत चालली, की तिला रडू आलं.

शनिवारी केवलराम आला. गाडी सुरू केली, चढावर एक चक्कर मारून आला आणि खूश झाला. "एक नंबर इंजिन आहे जी, बाई! आजच घेऊन जातो."

कुसुमबाई गोंधळल्या. "परवा तं हातोडे मारत होती. आज काऊन चूप?"

गप्प राहिलं असतं तर अब्रू राहिली असती. आणि गाडी गेली असती, घाट गेला असता, शुक्रवारही… अल्कानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आई, गाडी चांगलीच आहे. मीच बिघडवून राहिली होती."

"कायले?"

"नीट करणारा… चांगला आहे म्हणून."

केवलरामनं एकदम आभाळाकडे पाहिलं, जणू तिथं काही फार महत्त्वाचं चाललं होतं. कुसुमबाईंनी त्याच्या हातातून चावी काढून घेतली, लेकीच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चाल. दाखव मले."

"काय?"

"नीट करणारा!"

गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा गजेंद्र फडक्याला हात पुसत बाहेर आला. चालू इंजिन त्यानं क्षणभर ऐकलं. "काय झालं गाडीले?"

"काहीच नाही," अल्का म्हणाली.

तो हसला… आणि तेवढ्यात त्याला कुसुमबाई दिसल्या. हसू अर्ध्यावरच राहिलं.

"माह्या नवऱ्याची गाडी हिनं तीन आठवडे ठोकवली," कुसुमबाई खाली उतरत म्हणाल्या. "कोणासाठी, ते पाहाले आली मी. घरी कोण कोण आहे बाबू तुया?"

"मी अन् माय, जी."

"मायले मालूम आहे?"

गजेंद्रनं अल्काकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग पुन्हा अल्काकडे.

"पहिल्याच शुक्रवारी सांगितलं तिले… घाटात एक जण भेटली म्हणून."

अल्काच्या हातून दार उघडंच राहिलं.

"आयक!" कुसुमबाई लेकीकडे वळल्या. "त्याच्या मायले महिन्यापासून मालूम, अन् मी बिचारी गाडी विकाले निघाली होती!" मग गॅरेजातलं एकुलतं एक स्टूल ओढून त्यावर ऐसपैस बसल्या. "चहा सांग बाबू. अन् मायले बोलव. आमाले काही घाई नाही."